विश्लेषण : होल तेच, क्रम बदलला... बॅन्फच्या ऐतिहासिक गोल्फ मैदानाने काय गमावले?

कॅनडातील रॉकी पर्वतरांगेतले बॅन्फ स्प्रिंग्ज हे जगातील नावाजलेल्या डोंगरी गोल्फ मैदानांपैकी एक. रचनाकार स्टॅन्ली थॉम्पसन यांनी आखलेले हे मैदान १९२८ मध्ये खुले झाले. मात्र, आज येथे येणारा खेळाडू थॉम्पसन यांनी ठरवलेल्या जागेवरून खेळ सुरूच करत नाही. एवढ्याशा बदलाने काय बिघडले?

रेल्वे कंपनीला गोल्फ कशाला हवे होते?

प्रवाशांसाठी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने बॅन्फमध्ये १८८८ मध्येच आलिशान हॉटेल सुरू केले होते. पुढे प्रतिस्पर्धी कॅनेडियन नॅशनल रेल्वेने जॅस्पर येथे थॉम्पसन यांच्याकडून मैदान बांधून घेतले. १९२५ मध्ये खुले झालेले ते मैदान गाजले आणि मग पॅसिफिकनेही थॉम्पसन यांनाच बोलावले. खडक फोडून, रेल्वेने माती आणून हे मैदान उभे राहिले. त्यासाठी त्या काळात दहा लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते.

डोंगरात मैदान आखणे वेगळे का?

पहिली अडचण नजरेची. मागे सुमारे २,९५० मीटर उंचीचा माउंट रंडल उभा असताना नेहमीच्या आकाराचे बंकर (वाळूचे खड्डे) खेळण्यातले वाटतात. म्हणून थॉम्पसन यांनी ते डोंगराला साजेसे मोठे ठेवले. काही बंकर त्यांनी ग्रीनच्या (जिथे होल असतो तो गवताचा भाग) बरेच अलीकडे खोदले. दुरून ते ग्रीनला चिकटूनच असल्यासारखे दिसतात आणि खेळाडूचा अंतराचा अंदाज चुकतो.

दुसरी बाब हवेची. बॅन्फ सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण १३ टक्के विरळ असते. चेंडूला होणारा अवरोध घटतो आणि तो नेहमीपेक्षा लांब जातो. डोळे एक अंतर सांगतात, हवा दुसरे!

‘डेव्हिल्स कॉल्ड्रन’ म्हणजे काय?

‘सैतानाची कढई’ अशा अर्थाच्या नावाचा हा पार-३ होल, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेला. टी (पहिला फटका मारण्याची जागा) उंचावर, मध्ये हिमनदीने घडवलेले तळे आणि पलीकडे बंकरनी वेढलेले, खोलगट ग्रीन. मागे थेट रंडलचा कडा. फटका कमी पडला तर चेंडू पाण्यात.

१९८९ मध्ये नेमके काय बदलले?

नऊ होलची भर पडली आणि नवे क्लबहाऊस दुसऱ्या जागी बांधले गेले. सुरुवात तिथून होऊ लागली आणि मूळ १८ होलचा क्रम चार घरे सरकला. पूर्वी पहिलाच फटका हॉटेलजवळून स्प्रे नदीवरून मारावा लागे. तो होल आता पंधरावा आहे. आठवा असलेला कॉल्ड्रन चौथा झाला. बो नदीकाठाने हॉटेलकडे परतणारा अठरावा होल चौदावा झाला.

क्रमाला एवढे महत्त्व का?

नदी ओलांडून दरीत शिरणे, डोंगराच्या पायथ्याने सरकत कॉल्ड्रनपर्यंत पोहोचणे आणि नदीकाठाने हॉटेलच्या दारात परतणे, असा हा फेरफटका होता. आता हात मोकळे होण्याआधीच सर्वांत कठीण दृश्य समोर येते आणि हॉटेलपाशी पोहोचल्यावरही चार होल शिल्लक असतात. २७ होलच्या कारभारासाठी नवे क्लबहाऊस सोयीचे आहे. त्यामुळे जुना क्रम आणायचा तर ही सोय सोडावी लागेल. नदी, तळे, डोंगर सगळे जागेवर आहे. हरवली आहे ती त्यांच्या भेटीची वेळ. ऐतिहासिक वास्तू जपताना फक्त दगड-माती जपून भागत नाही, हाच बॅन्फचा धडा.