शंका येते, मग बोलत का नाही?

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो, ही वार्ता दिल्लीहून टेलिफोनवरून गावोगाव पोहोचली आणि दिवस मावळण्यापूर्वी देशभरातले, इतकेच काय लंडनमधलेही भाविक दूध घेऊन मंदिरांसमोर रांगेत उभे राहिले. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी होई. चांगले शिकलेसवरलेले लोकही हात जोडत होते.

सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिला. दूध पोटात जात नव्हते. पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळत होते. पडताळा इतका सोपा होता! मग रांगेतल्या माणसांना तो का सुचला नाही? बुद्धी कमी होती म्हणून?

तसे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक रेघ दाखवायची आणि तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते विचारायचे. काम अगदी सोपे. एकटा असताना क्वचितच कोणी चुकत असे. पण गटातील बाकीचे सगळे आधीच ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, तेव्हा खऱ्या परीक्षार्थींची सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकली. अनेकांना खरे उत्तर दिसत होते, पण चारचौघांत वेगळे पडायची भीती वाटत होती. तरीही सुमारे पाव लोक एकदाही डगमगले नाहीत.

या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. गटातील एकाच माणसाने खरे उत्तर दिले, की चुकांचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशावर येत असे. म्हणजे प्रश्न विचारण्याची कुवत बहुतेकांपाशी असते, उणीव असते ती सोबतीची.

घरातही हेच घडते. ‘असं का करायचं?’ असे मुलाने विचारले, की ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ म्हणून त्याला गप्प केले जाते. सुनेच्या मनातली शंका सासूच्याही मनात असते, पण पहिल्यांदा तोंड कोणी उघडायचे? दोघीही गप्प राहतात आणि रूढी तशीच पुढे चालते.

म्हणून घरात कोणी शंका काढली, तर निदान एकाने तरी म्हणावे, ‘खरंच की, पडताळून पाहू या.’ एवढ्या आधारावर दुसऱ्यालाही बोलायचे धैर्य येते.