लेकरू झोपलं, आता कामाला सुरुवात!

लोणारहून संध्याकाळी मेहकरकडे निघालेल्या एसटीत एक दृश्य हमखास दिसतं. सहा-सात वर्षांचं लेकरू आईच्या मांडीवर आडवं झालंय. एक पाय सीटबाहेर, तोंड उघडं, चप्पल कधीच खाली पडलेली. दिवसभरात ते उल्केनं खोदलेल्या त्या १८०० मीटर रुंद विवराचा उतार उतरलंय, परत चढलंय, धारेच्या पाण्यात भिजलंय, दैत्यसूदनाच्या देवळात खांबांमागं लपून झालंय. आता गाडी खड्ड्यात आदळते, कंडक्टर डबल बेल मारतो, मागं कुणाचा तरी फोन मोठ्यानं वाजतोय. लेकरू ढिम्म!

"दमलं बिचारं, पडलंय गप्प," आपण म्हणतो. गप्प? त्याच्या डोक्यात आणि हाडांत आता कुठं दिवसातल्या सगळ्यात मोठ्या उलाढाली सुरू होणार आहेत. चला, आजची रात्र त्याच्या उशाशी बसून काढू.

पहिला प्रश्न: मुळात झोप येतेच कशी? शरीरातली प्रत्येक पेशी एटीपी नावाच्या रेणूवर चालते. लेकरू पळतं, ओरडतं, "हे असं का?" म्हणून भंडावून सोडतं, तसतसा हा रेणू खर्ची पडतो आणि मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. सकाळी डोळे उघडल्यापासून वहीत नोंदी चढत जातात आणि रक्कम फुगली की दुकानदार हात आखडता घेतो. ही उधारी फिटते फक्त झोपेनं. गंमत म्हणजे लहान मुलांच्या वहीत रक्कम आपल्यापेक्षा फार वेगानं चढते. म्हणून तीन वर्षांच्या पोराला दुपारी झोप हवीच असते, आणि तेच पोर सात वर्षांचं झालं की दुपारी डोळा मिटायचं नाव घेत नाही.

आणि चार वाजताचा चहा? टोस्ट बुडवायला म्हणून पोराला दिलेला अर्धा कप? मेंदूत ॲडिनोसिन ज्या जागी जाऊन बसतं, नेमक्या त्याच जागा चहातलं कॅफिन अडवून धरतं. उधारी तशीच चढत राहते, पण मेंदूला वहीच दिसत नाही. मग रात्री दहा वाजता पोर गादीवर कोलांट्या मारतं आणि आपण म्हणतो, "एवढी ताकद येते कुठून याच्यात?"

पण नुसत्या थकव्यानं झोपेचं गणित सुटत नाही. अंगणातली चिंच पाहा. दिवेलागणीला तिची पानं जोडीजोडीनं मिटतात. अंधार पडला म्हणून? हाच प्रश्न १७२९ साली झां-जाक द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाला पडला. त्यानं लाजाळूसारखी एक वनस्पती अंधाऱ्या जागी नेऊन ठेवली. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली! म्हणजे वेळ कळायचं साधन झाडाच्या आतच होतं.

ते आपल्याही आत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा इवलासा पुंजका बसलाय. झोप कधी, भूक कधी, अंग गरम कधी, गार कधी, सगळ्याच्या वेळा तो ठरवतो. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर प्रयोग करून शोधणाऱ्या तिघा अमेरिकन संशोधकांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता गंमत ऐका. तान्ह्या बाळाचं हे घड्याळ अजून लागलेलंच नसतं. दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला रात्र-दिवस सारखेच. रात्री दोनला ते टक्क जागं राहतं यात त्याचा हट्ट नाही आणि आईची चूकही नाही. उलट आईचं शरीर त्याला आपलं घड्याळ उसनं देत असतं! अंधार पडला की आपल्या रक्तात मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, आणि रात्रीच्या अंगावरच्या दुधात ते उतरतं. दिवसाच्या दुधात त्याचा जवळजवळ मागमूसही नसतो. आईचं दूध एकच, पण रात्रीचं वेगळं आणि दिवसाचं वेगळं. आहे की नाही कमाल?

हे घड्याळ रोज जुळवतो तो उजेड, आणि तो आत शिरतो डोळ्यातून. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र पाहणं नाहीच. निळसर उजेड आहे की नाही, एवढी बातमी त्या घड्याळाला पोचवतात. मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या आणि भिंगं स्वच्छ, त्यामुळे तोच दिवा त्यांच्या डोळ्यात जास्त उजेड ओततो. किती फरक पडतो? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर लख्ख उजेडाच्या टेबलावर खेळायला बसवलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आला: मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं होतं. दिवे मालवून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेकांचं वर आलं नव्हतं. लाइट गेली की पोरं लवकर पेंगतात, हा घरोघरचा अनुभव आहे. कारण आता कळलं!

आणि एसटीचे धक्के? त्यांनी झोप मोडायची सोडून लागते कशी? कापूस वेचायला गेलेली बाई बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधते, लेकराला आत टाकते, जाता-येता एक झोका देते आणि कामाला लागते. तिला जे ठाऊक आहे ते स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१९ साली तपासलं. संथ हलणाऱ्या पलंगावर माणसं लवकर गाढ झोपली. उंदीरही झोपले. पण कानाच्या आत तोल सांभाळणारे चुन्याचे अतिबारीक खडे असतात, ती यंत्रणा ज्या उंदरांमध्ये चालत नव्हती, त्यांच्यावर झोक्याचा काही परिणाम झाला नाही. म्हणजे झोका अंगाला लागत नाही, कानाला लागतो! (एवढं मात्र लक्षात ठेवा: तान्हं बाळ झोपलं की त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवायचं, तोंडाशी उशी-दुलई नको.)

उधारी चढली, घड्याळानं इशारा दिला. तरी एक अडचण उरते, ती म्हणजे उष्णता. झोप लागायला शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरतं कसं? तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब तिथून बाहेर पडते. पेंगुळलेल्या पोराचे तळपाय गरम लागतात ते यासाठीच. आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याची तऱ्हा बघा. घाटावर बुलडाण्याला रात्रीची झुळूक येते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. खोलीच तापलेली असेल तर तळपायांनी ऊब द्यायची कुणाला? म्हणून गच्चीवर पाणी मारायचं, बाज टाकायची आणि उघड्या आभाळाखाली झोपायचं. पाण्याची वाफ होताना गच्चीची धग घेऊन जाते, उरलेली उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाते. आजी हे भौतिकशास्त्र कुठल्या शाळेत शिकली होती?

झोप लागली. पहिल्या तासाभरात लेकराच्या कपाळाला हात लावून बघा. केस घामानं चिप्प, उशी ओली! ताप नाही हो, गाढ झोपेत मुलांना असा घाम येतोच. ही झोप इतकी खोल असते की स्कॉटलंडमध्ये मुलांच्या खोलीत धुराचा अलार्म वाजवून पाहिला, तर बहुतेक मुलं उठलीच नाहीत. डबल बेलची काय कथा!

याच खोल झोपेत वाढीचं संप्रेरक रक्तात उसळतं. संशोधक ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की ही लाट घड्याळाचा काटा पाहून येत नाही, झोपेमागून येते. झोप उशिरा लागली की लाटही उशिरा आली. आणि हाडं? २००४ साली छापून आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात कोकरांच्या पायाच्या हाडांना बारीक मोजयंत्रं बसवली होती. हाड वाढायचं कधी? नव्वद टक्के वाढ कोकरू आडवं पडलेलं असताना! उभं असताना, चरताना जवळजवळ शून्य. कारण हाडाच्या टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. उभं राहिलं की अंगाचा भार तिला दाबून धरतो, आडवं झालं की ती मोकळी होते. आपल्या लेकरांच्या हाडांतही अशाच पट्ट्या असतात.

कधी कधी मात्र या खोल झोपेतून वर येताना पाऊल अडखळतं. मेंदूचा एक भाग जागा होतो, दुसरा झोपेतच राहतो. रात्री अकराच्या सुमाराला लेकरू किंचाळत उठून बसतं. डोळे सताड उघडे, छाती धडधडतेय, आई जवळ घेते तर तिलाच ढकलतं. घरात धावपळ, मीठ-मोहरी उतरवली जाते. पाच-दहा मिनिटांत लेकरू पुन्हा शांत झोपतं आणि श्रेय मीठ-मोहरीला मिळतं! काही न करताही ते झोपलंच असतं, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. हलवून जागं करू नका. पडणार नाही, लागणार नाही, एवढंच बघा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

उत्तररात्री खेळ पालटतो. १९५१ साली शिकागो विद्यापीठातला यूजीन ॲसेरिन्स्की हा गरीब विद्यार्थी एक जुनं यंत्र घेऊन बसला होता. प्रयोगाला माणूस कोण मिळणार? त्यानं आपल्याच आठ वर्षांच्या पोराला, आर्मंडला तारा जोडल्या. मध्यरात्री यंत्राच्या लेखण्या कागदावर थयथय नाचू लागल्या. पोरगा उठला वाटतं, म्हणून बाप आत गेला, तर आर्मंड गाढ झोपेत. फक्त मिटल्या पापण्यांमागं डोळे सैरावैरा पळत होते! १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी हे जगाला सांगितलं. स्वप्नांच्या झोपेचं दार उघडलं ते एका बापानं पोराची झोप न्याहाळल्यामुळं.

तान्ह्या बाळाची जवळजवळ अर्धी झोप याच प्रकारची. त्यात ते ओठ मुडपतं, भुवया उडवतं, मध्येच खुदकन हसतं. आपल्याकडच्या बाया म्हणतात, सटवाई हसवतेय. मेंदूचे तज्ज्ञ म्हणतात, नवे धागे जुळताहेत. दोघांचं लक्ष मात्र त्याच हसण्याकडे गेलं!

आणि दिवसभर पाहिलेल्या लोणारचं काय झालं? १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. उंदीर जागेपणी वाटेनं फिरताना मेंदूतल्या ज्या पेशी जोडीनं पेटल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा जोडीनं पेटत होत्या. झोपेत तो प्रवासाची उजळणी करत होता! मुलांचंही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात बालवाडीतली मुलं चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ खेळली. दुपारी झोपलेल्यांना त्या जागा जास्त चांगल्या आठवल्या. पाढे रात्री पाठ करून झोपा, असं गुरुजी सांगायचे ते उगाच नव्हे.

एवढं सगळं उरकायला वेळ किती लागतो? तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्यांना ९ ते १२ तास. सकाळी सातची शाळा धरा, मागं मोजत जा, आणि पोटात गोळा येईल. हाच हिशेब सरकारनंही केला. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला: २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पण विदर्भाचा उन्हाळा आदेश ऐकतो थोडाच? उन्हापायी शाळा सकाळची झाली की झोपेची वेळच अलीकडे ओढावी लागते.

त्यासाठी आपण करायचं ते अगदी थोडं. दुपारनंतर चहा नको. जेवण झालं की घरातले मोठे दिवे आणि फोन बंद. हात-पाय धुणं, गोष्ट, अंथरूण, रोज याच क्रमानं. सकाळी लवकर अंगणात ऊन खाणं. सुट्टीत लोणार नाही तर नाही, शेताच्या बांधापर्यंत तरी पायी जाणं, म्हणजे उधारी नीट चढते. आणि लेकरू रोज मोठ्यानं घोरत असेल, मध्येच श्वास अडत असेल, तर "बापावर गेलंय" म्हणून हसू नका, डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात.

झोप पुरतेय की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. येत्या रविवारी उठवायला जाऊ नका, नुसती उठायची वेळ बघा. रोजच्यापेक्षा दोन-दोन तास उशिरा उठत असेल, तर लेकरू आळशी नाही. आठवडाभर त्याची रात्रपाळी आपण अर्ध्यावर बंद पाडत होतो.