पायथनमधील वस्तूंचे गुणधर्म : आरंभमूल्य कोठे द्यावे?

पायथन या संगणकभाषेत गुणधर्मास आरंभमूल्य देण्याची प्रमुख स्थाने दोन : वर्गाचा देह आणि 'इनिट' ही पद्धती. हा भेद केवळ मांडणीचा नव्हे. वर्गदेह एकदाच, वर्ग घडताना, चालतो. 'इनिट' मात्र प्रत्येक वस्तू निर्माण होताना नव्याने चालते.

समजा, बोलींच्या अभ्यासासाठी 'शब्द' हा वर्ग रचला आणि त्याच्या देहातच 'उदाहरणे' ही रिकामी यादी ठेवली. 'भाकर' या शब्दाच्या यादीत एक वाक्य जोडताच ते 'पाणी' या शब्दाच्या यादीतही दिसू लागते. कारण वस्तूजवळ गुणधर्म न सापडल्यास पायथन तो वर्गात शोधते, आणि तेथील यादी सर्वांची एकच असते. यंत्र चूक दाखवीत नाही. वारंवारतेची कोष्टके मात्र निमूटपणे बिघडतात, आणि त्यांवरील निष्कर्षही. वस्तूच्या गुणधर्मास नवे मूल्य थेट दिले, तर ते त्या वस्तूपुरतेच राहते. म्हणून संख्यांच्या बाबतीत हा दोष बहुधा झाकलेला राहतो.

सबब, वस्तूपरत्वे भिन्न असणारा प्रत्येक गुणधर्म 'इनिट'मध्येच आरंभावा. वर्गदेहात सर्वांस समान असे स्थिर मूल्यच असावे. तथापि रिकामी यादी 'इनिट'च्या प्राचलाचे पूर्वनियत मूल्य म्हणूनही देऊ नये. तीही एकदाच घडते. २०१८ मधील ३.७ या आवृत्तीत आलेली 'डेटाक्लास' ही सोय अशी यादी पूर्वनियत मूल्य म्हणून स्वीकारीतच नाही. हा धोका भाषेच्या रचनाकारांनीही ओळखला होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.