पित्ताशयात नळी असताना घरच्यांनी काय पाहावे?

पित्ताशय खड्याने तुंबले, आत पू झाला आणि वय, मधुमेह किंवा हृदयविकारामुळे ऑपरेशन झेपण्यासारखे नसले, तर डॉक्टर सोनोग्राफीवर बघत उजव्या बरगडीजवळून बारीक नळी घालतात. दूषित पित्त पिशवीत उतरते, ताप ओसरतो. नळी साधारण तीन ते सहा आठवडे राहते. रुग्ण मात्र त्याआधीच घरी येतो. पुढची राखण आपल्याकडे असते.

बहुतेकांचे सुरळीत पार पडते. पण क्वचित घडणारा एक धोका आम्ही मुद्दाम सांगतो. नळी बहुधा यकृतातून जाते. वाटेत रक्तवाहिनी दुखावली, तर तिला फुगवटा येतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तो फुटतो. रक्त पित्तनलिकेतून आतड्यात जाते. बाहेरची जखम कोरडीच दिसते.

खुणा अशा : उजव्या कुशीत कळ, डोळे पिवळे, शौच डांबरासारखी काळी. रक्ताची उलटी किंवा चक्कर येऊ शकते. पिशवीतले पित्त पिवळे-हिरवे असते. ते लाल झाले तर थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

कसबा पेठेतल्या वस्तीत अनेकांना सार्वजनिक शौचालयात जावे लागते. तिथल्या अंधारात रंग कळत नाही. म्हणून टॉर्च न्या आणि आजी-आजोबांना लाज न बाळगता रोज विचारा. पिशवी पोटापेक्षा खाली ठेवा, नळीला हिसका बसू देऊ नका. नळी निसटली तर परत आत ढकलू नका. पित्त पोटात पसरू शकते. स्वच्छ कापड लावून लगेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका.

रक्तस्राव वेळेत कळला, तर मांडीतून किंवा हातातून तार नेऊन ती रक्तवाहिनी आतूनच बंद करता येते. पैशाच्या भीतीने रात्र काढू नका. 108 ला फोन करा. ससून हे सरकारी रुग्णालय कसब्यापासून जवळ आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि डिस्चार्जचा कागद एकाच पिशवीत ठेवा.

अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते. आजाऱ्याकडे रोज नीट पाहणे हाही धम्माचाच भाग आहे.