शेकायचे, गार करायचे, की लाल दिव्याखाली बसायचे?

शिक्षकांच्या एका शिबिरात शाळेचा कबड्डीचा संघ सांभाळणाऱ्या एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "पाय मुरगळला की आमची आई विटेचा शेक द्यायची. आता पोरे मोबाइलवर मोठे खेळाडू बर्फाच्या टबात बसलेले बघतात आणि म्हणतात, सर, बर्फ लावा. शहरात तर लाल दिव्याखाली बसवून पैसे घेतात म्हणे. यातले खरे कोणते?"

आम्ही उष्णतेच्या वहनावर काम करणारे, डॉक्टर नव्हे. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. नंतर बरेच वाचले, वैद्यकातल्या मित्रांशी बोललो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

दुखते कशामुळे?

आधी एक गैरसमज दूर करू या. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असे अनेकांना वाटते. स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील संशोधनासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या आम्लाचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचे रक्तातील प्रमाण पूर्ववत होते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचते. जे केव्हाच निघून गेले, ते परवाच्या दुखण्याचे कारण कसे असेल?

थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच सुचवले होते की हे उशिराचे दुखणे स्नायूंतील सूक्ष्म इजांमुळे होत असावे. सिंहगडाचे उदाहरण घ्या. धाप लागते ती चढताना. पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे! उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो आणि त्याचे बारीक तंतू दुखावतात. मग तेथे दुरुस्तीसाठी पेशी आणि रसायने जमतात, थोडी सूज येते, वेदनेचे चेतातंतू हळवे होतात. म्हणजे दुखणे हा दुरुस्तीच्या कामाचाच एक भाग आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

गार पाणी

थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, चेतातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मंदावतो आणि ठणका कमी होतो. यासाठी खेळाडू साधारणतः १० ते १५ अंश सेल्सियसच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे बसतात. हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांच्या हवेत आपण मजेत फिरतो, पण तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात हुडहुडी भरते. याचे एक मोठे कारण असे की पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगले उष्णतावाहक आहे.

येथे मुलांना एक गणित घालता येईल. बादलीत २८ अंशांचे २० लिटर पाणी आहे. ते १५ अंशांवर आणायला किती बर्फ लागेल? पाण्यातून २०,००० × १३ = २,६०,००० कॅलरी उष्णता काढायची आहे. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० आणि त्याचे पाणी १५ अंशांपर्यंत तापताना १५, अशा एकूण ९५ कॅलरी घेतो. म्हणजे सुमारे पावणेतीन किलो बर्फ हवा. गारव्याचा मोठा वाटा वितळण्याचा आहे, हे मुलांना आकड्यांतूनच दिसेल.

आता मूळ प्रश्न : याचा उपयोग होतो का? २०१२ मध्ये १७ लहान प्रयोगांचा, एकूण ३६६ व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेतला गेला. नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा गार पाण्यात बसणाऱ्यांना पुढचे काही दिवस कमी दुखले. पण यात एक अडचण आहे. आपण गार पाण्यात बसलो आहोत हे बसणाऱ्याला कळतेच! औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीसारखी दिसणारी साखरेची गोळी देता येते. गार पाण्याची 'साखरेची गोळी' कोठून आणायची?

मेलबर्नच्या संशोधकांनी ती शोधली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३० पुरुषांचे तीन गट होते. दमवणाऱ्या व्यायामानंतर एक गट गार पाण्यात बसला, दुसरा कोमट पाण्यात आणि तिसराही कोमटच पाण्यात. पण तिसऱ्या गटासमोर पाण्यात एक द्रव टाकून, हे थकवा घालवणारे खास तेल आहे, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात तो अंग धुण्याचा साधा साबण होता. पुढच्या दोन दिवसांत साबणवाल्यांच्या पायांची ताकद गार पाण्यावाल्यांइतकीच चांगली भरून आली. नुसत्या कोमट पाण्यावाल्यांची मात्र तशी आली नाही. गार पाण्याच्या गुणातला निदान काही भाग विश्वासाचा आहे, असे यावरून दिसते.

दुसरा प्रयोग २०१५ सालचा, ऑस्ट्रेलियातलाच. २१ पुरुषांनी १२ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम केला. काही जण प्रत्येक वेळी नंतर १० मिनिटे सुमारे १० अंशांच्या पाण्यात बसत. बाकीचे हलकी सायकल चालवत. शेवटी गार पाण्यावाल्यांचे स्नायू आणि ताकद, दोन्ही कमी वाढले होते! मघाचा मुद्दा आठवा. दुखणे हा दुरुस्तीचा भाग आहे. गारव्याने ठणका दबतो, पण त्याबरोबर स्नायूला 'वाढ' म्हणणारे संदेशही दबतात. म्हणून उद्या पुन्हा सामना असेल तर गार पाणी समजण्यासारखे आहे. ताकद कमवायची असेल तर रोज त्यात बसणे तोट्याचे.

विटेचा शेक

शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल पडतो, सांधा मोकळा होतो. धरलेली कंबर किंवा आखडलेली मान यांसाठी आजीची गरम मिठाची पुरचुंडी आजही योग्यच आहे. मात्र ताज्या मुरगळीत आत रक्तस्राव आणि सूज चालू असते. तेथे रक्तप्रवाह वाढवणे बरे नव्हे.

फिनलंडमध्ये सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीत घाम गाळणे, हा नित्याचा परिपाठ आहे. तेथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. पण सौनामुळे ते जगले, की मुळात धडधाकट असलेलेच सौनात वारंवार जाऊ शकले? दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वर्गात चर्चा घडवावी असा हा प्रश्न आहे.

आणि बाम? तो लावल्यावर गार वाटते. थर्मामीटरच्या फुग्याला बाम चोपडून पाहा. पारा जागचा हलणार नाही. पुदिन्याच्या अर्कातील मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवते, तर मिरचीतील तिखट द्रव्य सुमारे ४३ अंशांवर जागा होणाऱ्या उष्णतेच्या ग्राहकाला. या ग्राहकांच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक पातापूतियन यांच्यासह मिळाले. बाम उष्णता नेत नाही की आणत नाही. तो फक्त निरोप पाठवतो.

लाल दिवा

प्रकाशाने उपचार ही भोंदूगिरी नव्हे. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळाले. १९५६ मध्ये इंग्लंडमधील एका रुग्णालयातील परिचारिकेच्या ध्यानात आले, की उन्हात ठेवलेल्या बाळांची कावीळ उतरते. आज नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात ते त्यातूनच. तेथे कोणता रेणू, कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो आणि त्याचे पुढे काय होते, हे नेमके ठाऊक आहे.

लाल दिव्याची गोष्ट बुडापेस्टला सुरू झाली. १९६७ च्या सुमारास मेस्टर यांना लेसरचा प्रकाश टाकलेल्या उंदरांच्या अंगावर केस लवकर उगवलेले दिसले. पेशींतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे एक विकर हा प्रकाश शोषते, असा तर्क आहे. खेळाडूंवरील प्रयोगांचे निकाल मात्र संमिश्र आहेत.

अंधाऱ्या खोलीत विजेरी तळहाताला चिकटवून पाहा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते. लाल थोडा आत जातो. पण किती? समजा दर ३ मिलिमीटरला प्रकाश निम्मा होतो. मग ३ सेंटिमीटर खोल स्नायूपर्यंत तो दहा वेळा निम्मा होऊन १/१०२४ उरेल. दिवा विकणाऱ्याला हे गणित जरूर विचारावे.

मैदानावर काय करावे?

पाय मुरगळला तर खेळ थांबवा, पाय उंच ठेवा. ठणका असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा, उघडा लावू नका. पहिले एक-दोन दिवस शेक आणि चोळणे टाळा. पाय टेकवत नसेल तर डॉक्टर गाठा. बर्फाचा अतिरेकही नको. १९७८ साली विश्रांती आणि बर्फ यांचे सूत्र लोकप्रिय करणारे डॉक्टर मर्किन यांनीच पुढे लिहिले, की दोहोंमुळे बरे होणे लांबू शकते.

गार पाण्याचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे. उन्हात धावताना मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजा. अमेरिकेतील फालमथ येथील शर्यतीत १८ वर्षांच्या नोंदींत २७४ धावपटूंना उष्माघात झाला. त्यांना तेथल्या तेथे बर्फाच्या पाण्यात बुडवून गार केले गेले आणि सर्वच्या सर्व वाचले. आधी गार करायचे, मग हलवायचे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत डोके वर धरून मुलाला टबात किंवा हौदात ठेवा; तेही नसेल तर सावलीत अंगावर पाणी ओतत वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

त्या गुरुजींना आम्ही पत्राने हेच कळवले : लाल दिव्याचे पैसे राहू द्या. उन्हाळ्यातल्या सरावाला मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेला एक मोठा टब आणि बर्फाची एक पेटी तेवढी ठेवा. ती लागू नये. पण लागली तर शोधावी लागू नये.