हिप-हॉप, शब्दप्रधान
हिप-हॉप, शब्दप्रधान : अमेरिकेतील हिप-हॉप संगीताची एक शैली. तीत सुरावट व ध्रुवपद यांपेक्षा तालबद्ध पठणातील, म्हणजे रॅपमधील, शब्दकळेला प्राधान्य असते. यमक, अंतर्यमक, श्लेष, रूपक व कथन ही तिची प्रमुख साधने असून कडव्यांचा आशय आणि म्हणणीतील लयीची गुंतागुंत यांवरून कलावंताची योग्यता ठरविली जाते. सामान्यतः १९८६ ते १९९६ हे दशक या शैलीचा वैभवकाल मानले जाते. तिला पूर्वीचे वर्चस्व पुन्हा लाभेल काय, हा प्रश्न श्रोते व समीक्षक यांच्यात वारंवार चर्चिला जातो. त्याचे उत्तर ‘वर्चस्व’ या शब्दाच्या अर्थावर बरेचसे अवलंबून आहे.

उगम : हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत झालेल्या मेळाव्यात जमेकात जन्मलेल्या कूल हर्क याने तबकड्या वाजविल्या. हा दिवस परंपरेने हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जातो. गीतातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबविणे, हे त्याचे तंत्र होते. त्या काळी तबकड्या वाजविणारा डीजे हा प्रमुख कलावंत असे आणि निवेदक नाचणाऱ्यांना प्रोत्साहन देण्यापुरते बोले. शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतील यमकेही साधी व करमणूकपर होती. त्यामुळे ‘जुन्या वळणाचे’ हिप-हॉप व ‘शब्दप्रधान’ हिप-हॉप या दोन संज्ञा समानार्थी मानणे योग्य नाही. ग्रँडमास्टर फ्लॅश व फ्यूरिअस फाइव्ह यांच्या ‘द मेसेज’ (१९८२) या गीताने वस्तीतील दारिद्र्याचे चित्रण करून शब्दांना गंभीर आशय मिळवून दिला. १९७५ मधील आर्थिक अरिष्टाने खचलेल्या या शहरातील गरीब तरुणांना वाद्ये किंवा संगीतशिक्षण दुर्लभ होते. शब्द मात्र विनामूल्य होते.

वैभवकाल : एरिक बी. व राकिम यांच्या ‘पेड इन फुल’ (१९८७) या आल्बमने रॅपच्या छंदोरचनेत क्रांती घडविली. चरणान्ती येणाऱ्या यमकाऐवजी राकिमने ओळीच्या मध्यभागी अनेक यमके गुंफली आणि वाक्य चरणाच्या मर्यादेपलीकडे नेले. पब्लिक एनिमी या गटाने राजकीय आशय, तर केआरएस-वन याने प्रबोधनपर भूमिका पुढे आणली. नाझ याच्या ‘इलमॅटिक’ (१९९४) या आल्बममध्ये क्वीन्सब्रिज या वसाहतीतील जीवन सूक्ष्म तपशिलांनिशी साकार झाले असून तो या शैलीचा आदर्श समजला जातो. तथापि या काळातही बाजारपेठेवर शब्दप्रधान शैलीचे एकछत्री राज्य नव्हते. १९९० मध्ये बिलबोर्डच्या मुख्य गीतसूचीत प्रथम क्रमांक मिळविणारे पहिले रॅप गीत व्हॅनिला आइस याचे होते; त्याच वर्षी एम. सी. हॅमर याचा नृत्यानुकूल आल्बम २१ आठवडे आल्बम-सूचीच्या अग्रस्थानी राहिला. ‘इलमॅटिक’ मात्र त्या सूचीत बाराव्या क्रमांकापलीकडे गेला नाही. यावरून शब्दप्रधान शैलीचे वर्चस्व मुख्यतः प्रतिष्ठेचे होते, खपाचे नव्हते, हे स्पष्ट होते. कोणाला श्रेष्ठ म्हणावे याचे निकष तिने ठरविले होते.

ऱ्हासाची कारणे : डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की याच्या एका गीताबाबत निर्णय देऊन परवानगीशिवाय जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वापरण्यास प्रतिबंध केला. परिणामी जॅझ व फंक गीतांच्या तुकड्यांनी विणलेली या शैलीची पार्श्वभूमी खर्चिक झाली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या मालकीच्या रेडिओ केंद्रांवरील राष्ट्रीय मर्यादा उठविली. त्यामुळे मालकीचे केंद्रीकरण होऊन प्रादेशिक वैचित्र्याला वाव कमी झाला. टुपाक शकूर (१९९६) व नटोरिअस बी.आय.जी. (१९९७) यांच्या हत्यांनी या पिढीचे दोन अग्रणी हरपले. पुढे अटलांटा शहरातून ट्रॅप ही शैली प्रसृत झाली. तीत खर्जातील ठेका, वातावरण व आवाजाचा पोत यांना महत्त्व असून आवाज यंत्राने सुरेल करण्याचे तंत्रही रूढ झाले. तिला निकृष्ट लेखणे अन्यायाचे ठरेल. तिने रॅपमध्ये सुरेलपणा आणला व दक्षिणेकडील कलावंतांना न्यूयॉर्कच्या निकषांतून मुक्त केले. इंटरनेटवरील श्रवणसेवांचे अर्थकारणही शब्दप्रधान शैलीस फारसे अनुकूल नाही. स्पॉटिफायवर गीत ३० सेकंद वाजले की त्याची गणना होते. साहजिकच आखूड गीत व लवकर येणारे ध्रुवपद यांना प्रोत्साहन मिळते, सावकाश उलगडणाऱ्या कथनाला नाही.

पुनरुज्जीवन : शब्दप्रधान परंपरा खंडित मात्र झालेली नाही. केंड्रिक लमार याच्या ‘डॅम’ (२०१७) या आल्बमला २०१८ मध्ये संगीताचे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. अभिजात संगीत व जॅझ यांबाहेरील कृतीस हा मान प्रथमच लाभला. २०२१ मध्ये नाझ याला पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. लमारच्या ‘नॉट लाइक अस’ (२०२४) या गीताने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी पारितोषिके पटकावली. शाब्दिक द्वंद्वाच्या जुन्या प्रथेतून निर्माण झालेल्या या गीताचे यश त्याच्या नाचण्याजोग्या ठेक्यावरही अवलंबून होते, हे लक्षणीय आहे. याउलट ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्ड सूचीतील पहिल्या ४० गीतांत एकही रॅप गीत नव्हते. १९९० नंतर असे प्रथमच घडले. जुनी गीते सूचीतून वगळण्याच्या नियमातील बदल हे त्याचे एक कारण होते.

या शैलीचा प्रभाव अमेरिकेबाहेरही दिसतो. मुंबईतील डिव्हाइन व नेझी यांच्या ‘मेरे गली में’ (२०१५) या गीताने वस्तीच्या बोलीतील रॅपला लोकप्रियता मिळवून दिली आणि त्यावरून स्फुरलेला गली बॉय (२०१९) हा चित्रपट गाजला. त्याच्या निर्मितीशी नाझ याचे नाव निगडित होते. स्वदेशी या मुंबईतील गटाने मराठीसह अनेक भाषांत सामाजिक आशयाची गीते रचली आहेत.

मोजकी रेडिओ केंद्रे, ध्वनिमुद्रिका कंपन्या व नियतकालिके ज्या काळी अभिरुची ठरवीत, तो काळ सरला आहे. श्रोतृवर्ग असंख्य लहान गटांत विभागला गेल्याने हिप-हॉपच्या कोणत्याही एका शैलीस सर्वमान्य वर्चस्व लाभणे दुष्कर झाले आहे. विखुरलेल्या श्रोत्यांपर्यंत थेट पोहोचण्याचे मार्ग मात्र या शैलीलाही खुले झाले असून मोठ्या कंपनीच्या आश्रयाविना ती टिकून राहू शकते. तेव्हा शब्दप्रधान हिप-हॉपचे पूर्वीचे स्थान जसेच्या तसे परत येण्याचा संभव कमी आहे; परंतु उत्तम रॅप कोणते हे ठरविताना शब्दांचा निकष अद्यापि लावला जातो. मूळचे तिचे वर्चस्व याच निकषात होते आणि त्या अर्थाने ते पूर्णतः कधी नष्ट झालेले नाही.