कळंबच्या उसात कांगारू का नाही?

सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीवरचा उतारा परीक्षेत आला की खालचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. वार असलेले प्राणी आणि पोटाला पिशवी असलेले शिशुधानी प्राणी यांतला फरक सांगा. दिसायला सारखे असूनही ते जवळचे नातलग का नाहीत? शिशुधानी ऑस्ट्रेलियातच इतके का? मुलं उताऱ्यातलं नेमकं वाक्य शोधून उतरवून काढतात आणि मार्कही मिळवतात. पण मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की लागणाऱ्या कळंबमध्ये हाच उतारा वाचणाऱ्या पोराच्या उत्तराचं निम्मं साहित्य घराबाहेरच असतं. गोठ्यात गाय, उसात बिबट्या आणि पायाखाली काळा पाषाण.

गाय व्याली की घरची माणसं जार पडायची वाट बघत बसतात. पुस्तकातली वार ती हीच. साधारण २८० दिवस तिच्यातूनच वासराला अन्न आणि प्राणवायू मिळालेला असतो. म्हणून तर ते तासाभरात लटपटत का होईना, उभं राहतं. लाल कांगारूची मादी अवघ्या ३३ दिवसांत विते. पिल्लू शेंगदाण्याएवढं, वजन एक ग्रॅमही नाही, डोळे बंद, मागच्या पायांचे नुसते कोंब. पुढचे पाय मात्र चांगले धडधाकट. त्यांच्या जोरावर ते आईच्या केसांतून स्वतःच चढत पिशवीत शिरतं आणि आचळाला चिकटतं. पुढचे जवळजवळ आठ महिने मुक्काम तिथेच.

इथे बरेचजण लिहून मोकळे होतात की शिशुधानींना वार नसते. असते! ती अल्पायुषी असते, एवढंच. पोषणाचं मोठं काम कांगारूने पोटातून काढून दुधावर टाकलंय. आणि ते दूध तरी कसं? पिशवीतल्या तान्ह्याला एका आचळातून पातळ दूध, तर बाहेर उड्या मारून परत तोंड घालणाऱ्या थोरल्याला दुसऱ्या आचळातून दाट, चरबीचं दूध. आई एकच, वेळही एकच. शिवाय तिसरा गर्भ आत वाढ थांबवून बसलेला असतो. पिशवीतली जागा मोकळी होऊ लागली की तो वाढू लागतो. अशा पिशवीला अर्धवट राहिलेलं गर्भाशय म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

जाराचीही एक गोष्ट आहे, आणि ती उताऱ्यात सहसा नसते. वार तयार होताना पेशी एकमेकींत विरघळून त्यांचा एक सलग थर बनतो. माणसाच्या वारेत हे काम करणारं प्रथिन मुळात विषाणूचं आहे, हे २००० साली कळलं. कधीकाळी आपल्या पूर्वजाला लागण झाली, विषाणूचा जनुक वंशात उतरला आणि कामाला जुंपला गेला. पुढे असेच जनुक मांसाहारी प्राण्यांत सापडले, रवंथ करणाऱ्यांत सापडले. पण प्रत्येकाचा विषाणू निराळा. म्हणजे उसातल्या बिबट्याने आणि गोठ्यातल्या गाईने ही उसनवारी स्वतंत्रपणे केलेली. अमेरिकेतल्या ओपॉसम या शिशुधानी प्राण्यातही असा एक जनुक २०१५ साली मिळाला.

आता बिबट्या. डिंभे धरणाच्या आणि कुकडी नदीच्या पाण्यावर ऊस वाढला आणि जुन्नर-आंबेगावची बिबट्याची मादी त्याच उसात विऊ लागली. तोडणीच्या वेळी फडात डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं ती त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना उचलून नेते. या बिबट्यासमोर ऑस्ट्रेलियाचा थायलाकोलिओ उभा करा. रिचर्ड ओवेनने १८५९ साली त्याचं वर्णन केलं. तो बिबट्याहून वजनदार, कात्रीसारख्या दाढांचा आणि अंगठ्याला मोठी नखी असलेला शिकारी होता. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी तो संपला. चित्र पाहिलं तर कुणीही त्याला वाघ-बिबट्याचा भाऊबंद म्हणेल. पण तो शिशुधानी, आणि आज हयात असलेल्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पाला खाणारा कोआला आणि गवत खाणारा वॉम्बॅट. आपल्या बिबट्याचं नातं त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे ते गाईशी, वटवाघळाशी, तुमच्याआमच्याशी. ज्या वासरावर तो झडप घालतो, ते त्याच्या शाखेतलं. हुबेहूब दिसणारा थायलाकोलिओ मात्र परका. दोन शाखा फुटल्या त्याला १२ कोटींहून जास्त वर्षं झाली. चीनमध्ये सापडलेला जुरामाया हा चिमुकला जीव वारवाल्या शाखेचा मानला तर १६ कोटी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: साम्य धंद्याचं असतं, नातं वंशाचं.

धंद्यालाही मर्यादा असतात. पिशवीपर्यंत चढायचं तर पुढचे पाय जन्मतःच पकडीचे हवेत. म्हणूनच शिशुधानींमध्ये पंखांचं वटवाघूळ किंवा वल्ह्यांचा देवमासा झाला नाही, असं काही संशोधक मांडतात. मला ते पटतं.

राहिला तिसरा प्रश्न. शिशुधानी दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकावाटे ऑस्ट्रेलियात गेले. तेव्हा अंटार्क्टिकावर जंगल होतं. तिथल्या सीमोर बेटावर १९८२ मध्ये त्यांचे जीवाश्मही सापडले. भारत मात्र या भूखंडांपासून फार आधीच सुटला होता. कळंबचा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो वाहिला तेव्हा आपली जमीन समुद्रात एकटीच उत्तरेकडे सरकत होती. कांगारूंचे पूर्वज ज्या रस्त्याने गेले, तो कळंबला येतच नव्हता.

मग त्या काळी इथे कोण होतं? दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातून गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये इवलेसे दात शोधले. जागा होती आजच्या तेलंगणातलं नस्कल. प्राण्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस, आणि तो निघाला वारवाल्यांच्या शाखेतला. पुढे सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, ५ कोटींहून जास्त वर्षं जुन्या थरांत, इंडोडेल्फिस सापडला. हा मात्र शिशुधानी! तो टिकला नाही, पण आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेला. आणि 'शिशुधानी फक्त ऑस्ट्रेलियात' असं उत्तर कुणी लिहिलं तर ते सरळ चूक. अमेरिका खंडांत ओपॉसमांच्या शंभराहून जास्त जाती आज नांदतायत, आणि त्यांतली एक तर उत्तरेकडे सरकत कॅनडापर्यंत पोचलीय.